फ्रीजमधला ट्यूलिप आणि निंबाखालची गुलछडी

"काकू, लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या या गावात आले त्याला तीन वर्षं झाली. फुलांची आवड माहेरची. गेल्या दिवाळीत मोबाइलवर बघून ट्यूलिपचे 10 आणि हायसिंथचे 5 कंद मागवले, 750 रुपये गेले. 'आधी फ्रीजमध्ये ठेवा' असं पाकिटावर होतं, म्हणून महिनाभर खालच्या कप्प्यात केळी-लिंबांसोबत ठेवले आणि मग प्लास्टिकच्या बादलीत काळी माती भरून लावले. पानं आली. एका ट्यूलिपला कळी दिसली, पण ती पानांच्या बेचक्यातच वाळली. महाशिवरात्रीपर्यंत सगळं संपलं. बादली उलटी केली तर कंदांचा नुसता चिखल. सासूबाई म्हणतात, 'आपल्या उन्हात असली फुलं जगत नसतात, त्यापेक्षा मेथी लाव.' त्यांची स्वतःची गुलछडी सांदवाडीत, म्हणजे परसात, निंबाखाली आहे, मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातानं लावलेली. मामाजी गेले त्या वर्षी ती शेवटची फुलली म्हणतात. आता नुसतं गवत माजलंय. मी मूठ-मूठ युरिया टाकते, मिळेल तेव्हा पाणी घालते. उकरून बघू म्हटलं तर सासूबाई हात लावू देत नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, नळ तीन दिवसांआड येतो. कंदांची फुलं आमच्या नशिबात नाहीतच का? आणि असलीच, तर चार पैसे मिळण्याइतकी लावता येतील का?"

ताई,

आधी ट्यूलिपचं सांगून टाकते, म्हणजे मनातून जाईल. ते उन्हानं मेले नाहीत. त्यांना थंडी कमी पडली. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांचा, हिवाळाभर बर्फाखाली पडून राहणारा. त्याची कळी कंदाच्या पोटात आधीच तयार झालेली असते. पण दांडा लांबवून ती वर आणायची, तर कंदाला 12 ते 16 आठवडे 5 ते 9 अंशांची थंडी सोसावी लागते. तुम्ही दिले चार आठवडे. त्यामुळे पानं निघाली, दांडा लांबलाच नाही आणि कळी बेचक्यात अडकली. त्यात शेजारी केळी. पिकत्या केळ्यांतून इथिलीन वायू निघतो. कैऱ्या पिकायला घालताना आपण त्याचाच फायदा घेतो, पण ट्यूलिपच्या पोटातली कळी त्यानं करपते. म्हणजे एकाच कप्प्यात तुम्ही औषधही ठेवलं होतं आणि विषही.

पुढच्या वर्षी पूर्ण चार महिने फ्रीजमध्ये ठेवू, केळी काढून टाकू, असं डोक्यात आलं असेल. नका ठेवू. समजा फूल आलंच, तर आपल्याकडच्या गरम दुपारी ते चार दिवसांत मान टाकेल, आणि तो कंद पुढच्या वर्षी काही उठायचा नाही. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी, झबरवान डोंगराच्या पायथ्याला 2007 मध्ये ट्यूलिपची मोठी बाग झाली, ती तिथे शोभते. दिल्लीत शांतिपथावरही हिवाळ्यात ट्यूलिप दिसतात, पण ते कंद बहुतेक नेदरलँड्सहून आणलेले असतात आणि हंगाम संपला की बहुतेक पुन्हा नवेच आणावे लागतात. सरकारला परवडतं ते. तुमच्या 750 रुपयांत गुलछडीचा अख्खा वाफा झाला असता.

आता सासूबाईंच्या वाक्याबद्दल. त्या निम्म्या बरोबर आहेत. 'असली' फुलं जगत नाहीत, हे खरं. पण त्यांच्या स्वतःच्या सांदवाडीतली गुलछडी कंदाचीच की. न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ माजली असेल, ती कंदाचीच. पोळ्याच्या सुमारास शेताच्या धुऱ्यावर लाल-पिवळी कळलावी फुलते, तिच्याखालीही कंदच. ऊन आडवं येत असतं तर ही मंडळी इथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली नसती.

कंद म्हणजे वाईट दिवस झोपून काढायची सोय, एवढं धरून चाला. थंड मुलखातल्या कंदाला थंडी सोसल्याशिवाय जाग येत नाही. आपल्याकडच्या कंदांना त्या जागी लागते ती कोरड. पाऊस परतला, दिवाळी झाली, जमीन सुकत गेली की यातले बरेच पानं टाकतात आणि गुडुप होतात. मग उन्हाळ्याची धग लागली किंवा वळवाचा पहिला शिडकावा झाला की उठतात. आपल्याकडे काय कमी आहे ते पाणी, आणि या झोपेच्या काळात त्यांना नेमकं तेच नको असतं. विदर्भात कंदांची फुलं जातात ती बहुतेक वेळा मायेपोटी घातलेल्या पाण्यानं. तुमच्या पत्रात 'मिळेल तेव्हा पाणी घालते' हे वाचलं आणि मला माझीच फुटबॉल लिली आठवली.

माझ्याकडे तिचे सात कंद होते, वाफ्यात. कार्तिकात पानं पिवळी पडून गेली, वर नुसती माती उरली. पौषात मला ती मोकळी जागा बघवेना. मेथी टाकली, रोज झारीनं पाणी दिलं. मेथी छान झाली. वैशाखात फुलांची वाट पाहिली, ज्येष्ठ लागला तरी काही नाही, तेव्हा खुरपं घातलं. हाताला आला लिबलिबित गर आणि वास. एक कंद तेवढा बांधाच्या कडेला, मेथीच्या पाण्यापासून लांब होता, तो वाचला. आज आहेत ते सगळे त्याचीच पिल्लं. तेव्हापासून झोपलेल्या कंदांभोवती मी तुराट्या खोचून ठेवते, म्हणजे निंदायला आलेल्या बाईलाही कळतं आणि मलाही.

तर तुमची गुलछडी. पत्रातूनच तिची तीन दुखणी कळतात. पहिलं, निंब. लावली तेव्हा तो लहान असेल, आता त्यानं सावली धरली. गुलछडीला निदान सहा तास ऊन लागतं. दुसरं, युरिया. नुसत्या नत्रानं पान माजतं आणि दांडा मागे राहतो, कपाशीच्या पऱ्हाटीचं तुम्ही बघितलंच असेल. तिसरं आणि मोठं दुखणं म्हणजे दाटी. गुलछडीचा एक कंद आयुष्यात एकदाच दांडा देतो. फुलून झाला की तो संपला, पुढे फुलतात त्याच्या भोवतीची पिल्लं. त्यांना पोसायला जागा मिळाली नाही तर ती वर्षानुवर्षं पिल्लंच राहतात. म्हणून दर तीन वर्षांनी बेट काढून, निवडून पुन्हा लावायचं असतं.

सासूबाईंना हेच सांगा, पण 'उकरते' या शब्दानं सुरुवात करू नका. मामाजींनी लावलेले कंद केव्हाच फुलून गेले. आता त्या मातीत आहेत त्या त्यांच्या लेकी-नाती, एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या. सगळं बेट काढूही नका. अर्धं जागेवर राहू द्या, अर्धं काढा. आणि कंद निवडायच्या कामाला त्यांनाच बसवा. हळदीचं बेणं निवडलेला हात असेल तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं निवडतील, आणि एकदा सुपात हात घातला की रागही निवळतो, असा माझा अनुभव आहे. नाहीच म्हणाल्या, तर यंदा निंबाची एक फांदी छाटून घ्या, युरिया बंद करा आणि एक वर्ष वाट बघा. थोडा तरी फरक पडेल.

हो म्हणाल्या तर आत्ता, चैत्रातच काम काढा. पंधरा दिवस पाणी तोडा. पानं वीतभर ठेवून कापा. बेटापासून हातभर अंतरावर टिकास घाला आणि ढेकूळच्या ढेकूळ वर उचला. जुनं बेट विटेसारखं घट्ट निघतं. दोन दिवस सावलीत ठेवलं की माती सुटते, मग हातानं फोडा. आत तीन प्रकार दिसतील. मधोमध जुने, ज्यांच्या डोक्यावर वाळलेल्या दांड्याचा खुंट आहे असे, आतून पोकळ लागणारे: ते उकिरड्यावर. त्यांच्या भोवती सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे, टणक, टोकदार: हे यंदा फुलणारे, तुमची खरी कमाई. आणि बाकी सगळा वाटाण्या-हरभऱ्याएवढा चुरा. तो टाकू नका, पण त्याच्याकडून यंदा फुलाची आशाही नको. एका कोपऱ्यात वेगळा लावा, एक-दोन वर्षांत सुपारीएवढा होईल.

निवडलेले कंद टोपल्यात पसरून सावलीत, वारं लागेल अशा जागी ठेवा. टिनाच्या खोलीत नको, तिथे मे महिन्यात कंद भाजून निघतात. कुडाच्या भिंतीचं माजघर असेल तर त्यासारखी जागा नाही. रोहिणी लागल्या की, म्हणजे 25 मेच्या सुमारास, लावा. वीतभर अंतरावर, दोन पेरं खोल, टोक वर. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग मृगापर्यंत तुमच्या तीन दिवसांआडच्या नळावरही भागेल. लागवडीपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांत दांडे निघायला लागतात. पावसानं मेहेरबानी केली तर महालक्ष्म्यांच्या हाराला घरची फुलं होतील.

मातीचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे कंद मरतात ते एक तर लाडानं, नाही तर काळ्या मातीनं. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस पाणी धरून बसते. कपाशीला चालतं ते, कंदाला नाही. तुमच्या बादलीत चिखल झाला त्यात ट्यूलिपचा दोष निम्माच होता. वाफा वीतभर उंच घ्या. दोन घमेली काळी माती, एक घमेलं नाल्याची जाडी रेती, एक घमेलं जुनं शेणखत. जुनं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास येणार नाही इतकं जुनं. ताज्या शेणातून हुमणी येते आणि कंद पोखरते. कपाशीसाठी आणलेलं सुपर फॉस्फेट घरात असेलच, वाफ्याला दोन मुठी मिसळा. चुलीतली राख मात्र नको. सगळे राख टाकायला सांगतात, पण ती आंबट मातीला मानवते. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात राख म्हणजे दुखण्यात भर.

वर सोयाबीनचं कुटार पातळसं पसरा. कंदाच्या मानेला भिडवू नका, उधई (वाळवी) लागते.

आता गुलछडीसोबत काय लावायचं. यादी मोठी होईल, पण तुम्ही पहिल्या वर्षी तिघांपुरतंच थांबा.

एक, पाऊस लिली. चोरून, मागून, कुठूनही मिळते, विकत घ्यायची वेळ येत नाही. वाटेच्या कडेला ओळीनं लावा आणि विसरून जा. उन्हाळाभर वाळल्यासारखी दिसेल. वळवाचा पाऊस पडला की चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी उठून बघा, गुलाबी ओळच्या ओळ उभी असते. पांढरी जात पावसाळ्याच्या शेवटी जास्त फुलते, म्हणून दोन्ही लावा. नळाचं पाणी कितीही घाला, ती अशी फुलत नाही. आधी तहान आणि मग पाऊस, हा क्रम तिला लागतो.

दुसरी लाल लिली. नर्सरीत तिला अमरिलिस म्हणतात, कंद चांगला मुठीएवढा असतो. ही दक्षिण अमेरिकेतली, पण विदर्भात असं घर केलंय की विचारू नका. हिचा कंद पूर्ण गाडायचा नाही, मान आणि वरचा भाग उघडा ठेवायचा. मार्च-एप्रिलमध्ये कर्ण्यासारखी फुलं येतात. फूल गेलं की नुसता दांडा कापा, पानं ठेवा. लोक दिसायला वाईट म्हणून पानं कापतात, नाही तर त्यांना वेणीसारखी गाठ मारतात, आणि पुढच्या वर्षी फूल नाही म्हणून मला पत्र लिहितात. पान हिरवं आहे तोवरच कंद जेवतो. पावसाळाभर त्याला जेवू द्या. दिवाळीनंतर पाणी कमी करत जा, दोन-अडीच महिने पूर्ण कोरडं ठेवा, होळीच्या आधी एकदा भरपूर पाणी. नुसत्या या कोरडेपणावर न फुलणारी लिली फुललेली मी अनेक घरी पाहिली.

या लिलीवर पावसाळ्यात एक अळी येते, काळी, अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी डाग. पाहुण्यांसारखी घोळक्यानं येते. दोन दिवसांत पान फस्त करते, मग मानेतून कंदात शिरते. पहिल्या दिवशी दिसली तर काडीनं साबणाच्या पाण्यात पाडा, रोज सकाळी पानांची खालची बाजू बघा. फार झाली तर 5 टक्के निंबोळी अर्क. कपाशीवर मारून उरलेलं औषध घरात असेल, त्याला हात लावू नका. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात माणसं दगावली, ते यवतमाळकरांना मी काय सांगायचं!

तिसरी म्हणजे माझी लाडकी फुटबॉल लिली. वर्षातून एकदा, एका कंदाला एकच फूल. पण ते फूल म्हणजे नारळाएवढा लाल गोळा, बारीक बारीक शेकडो फुलांचा. भर मे महिन्यात, जेव्हा अंगणात नजर ठरत नाही, तेव्हा कोरड्या मातीतून वर येतो. हिला दुपारचं ऊन नको, निंबाखालची जी जागा गुलछडीला मानवली नाही, ती हिच्यासाठी बरोबर आहे. तिथेच भुईचाफाही लावता येईल पुढेमागे. त्याची तऱ्हा अशीच: उन्हाळ्यात पान नाही, दांडा नाही, उघड्या जमिनीतून थेट जांभळं-पांढरं सुवासिक फूल.

ग्लॅडिओलसचं कोणी ना कोणी सुचवेल. आपल्या हिवाळ्यात तो उत्तम येतो. दसऱ्यानंतर लावला तर संक्रांतीच्या आसपास दांडे. पण त्याचा कंद पुढचा उन्हाळा घरात काढू शकत नाही, वाळून खडखडतो. मोठे शेतकरी शीतगृहात ठेवतात. तुमच्या फ्रीजमध्ये आता फुलांचे कंद नकोत, असं मला वाटतं.

कळलावी धुऱ्यावर आहे तिथेच राहू द्या. दिसायला तिच्यासारखं फूल नाही हे मान्य, पण तिच्या कंदात कॉल्चिसीन असतं, थोडंही पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी तिचा वापर करत, नाव त्यावरूनच. कोणी आजही सुचवलं तर ऐकू नका, सरळ दवाखान्यात जा. सांदवाडीत लेकरं आणि शेळ्या असताना ती हवी कशाला? लिल्यांच्या कंदांचंही एक ध्यानात ठेवा: ते हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात. कांद्याच्या टोपल्याजवळ चुकूनही ठेवू नका. मी त्यांना जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून खुंटीला टांगते, वर चिठ्ठी लावून.

पैशांचं थोडक्यात सांगते. हाराला चालते ती एकेरी गुलछडी, दुहेरी दांडे गुच्छांसाठी. एकेरीत बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची 'प्रज्वल' आणि राहुरीच्या विद्यापीठाची 'फुले रजनी' या जाती आहेत. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात बेण्याची चौकशी करा, मोबाइलवर नको. पण सुटी फुलं पहाटे तोडावी लागतात आणि त्याच दिवशी विकावी लागतात. तुमच्या गावाहून पहाटेची एसटी किती वाजता आहे, यवतमाळात कोण घेईल, लग्नसराईबाहेर काय भाव देईल, हे आधी विचारून या. त्या उत्तरांवरून ठरवा. तोवर एक वाफा पुरे.

ती बादली फेकली नसेल ना? सळई तापवून तळाला पाच-सहा भोकं पाडा. खाली दोन बोटं विटांचे तुकडे, वर रेती मिसळलेली माती. मे महिन्यात नर्सरीत जा आणि फुटबॉल लिली फुललेली असतानाच निवडून आणा, म्हणजे दुसरंच काही हाती पडायला नको. तशीच मातीसकट बादलीत बसवा आणि सासूबाई दुपारी जिथे टेकतात त्या ओसरीच्या कडेला ठेवा. कार्तिकात पानं गेली की बादली उचलून कोरड्या जागी सरकवा, आणि वैशाखापर्यंत तिच्याकडे झारी घेऊन जाऊ नका.